म्हणे, मांजर घराचं!

कुत्रा माणसाचा आणि मांजर घराचं, हे वाक्य ज्यानं पहिल्यांदा उच्चारलं त्याच्या घरी मांजर नसणार. किंवा असलंच तर ते त्याच्याशी बोलत नसणार. लहानपणापासून मी हे ऐकत आलो आहे. लग्नाच्या पंगतीत, लोकलच्या डब्यात, बँकेत जेवणाच्या सुट्टीत डबे उघडल्यावर, कुठंही मांजराचा विषय निघाला की एक गृहस्थ पुढं सरसावतात, एक डोळा बारीक करतात आणि आपण स्वतः चौकशी आयोग नेमून अहवाल मांडतोय अशा थाटात सांगतात, ‘‘मांजराचं काय हो, ते घराशी बांधलेलं. माणसं बदलली काय, मेली काय, त्याला सोयरसुतक नाही. दूध मिळालं की झालं!’’

एरवी मी वादात पडत नाही. वीस वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला काढलेल्या माणसाला वादाची हौस उरत नाही. समोरचा म्हणतो, तुमच्या मशीननं माझं पासबुक खाल्लं; आपण म्हणतो, हो, कालपासून त्याला भूक जास्त लागतेय. संपलं. पण या मांजराच्या वाक्यावर मी गप्प बसणार नाही. कारण हे वाक्य आता नुसती म्हण राहिलेलं नाही. ते जबाबदारी झटकल्याची पावती झालं आहे. ‘मांजर घराचं’ असं म्हणायचं, सामानाचा टेम्पो भरायचा आणि मांजर मागं टाकून निघायचं.

डोंबिवली, ठाणे, मुलुंड, कोथरूड, कुठंही चक्कर मारा. दर दोन इमारतींमागं एक इमारत पुनर्विकासाला गेलेली आहे. भोवती पत्रे ठोकलेत आणि पत्र्यांवर उद्याच्या टॉवरचं चित्र आहे. चित्रात कारंजं असतं, पोहायचा तलाव असतो, आपल्या इमारतीत कधीही न दिसलेलं एक गोरंपान कुटुंब असतं आणि त्या कुटुंबाचा एक सोनेरी कुत्रा असतो. मांजर चित्रात नसतं. मांजर पत्र्याच्या आत असतं.

जागा रिकामी करताना लोक काय काय नेतात ते मी डोळ्यांनी पाहिलंय. बिघडलेला गीझर नेतात. तीन पायांचा पाट नेतात. १९९४ सालापासूनची कॅलेंडरं नेतात, कारण मागं दुधाचा हिशेब आहे. दारामागची खुंटी उपटून नेतात. एकानं बेसिनचा नळ काढला, त्याची चकती गेलेली होती, तरी काढला. ‘पितळी आहे’ म्हणाले. आणि पंधरा वर्षं ज्या मांजरानं त्यांच्या पोराच्या अभ्यासाच्या वहीवर बसून पोराला दहावी पास केलं, ते मात्र नेत नाहीत. का? तर ते घराचं! अहो, पण घर कुठं राहिलंय? घर पाडायला काढलंय ना आपण सर्वांनी मिळून, ठराव करून, सह्या करून? मग त्या मांजरानं इमान राखायचं ते कशाशी? पायाच्या खड्ड्याशी?

सामानाच्या टेम्पोला मांजर आडवं गेलं म्हणून पाच मिनिटं खोळंबलेलं एक कुटुंब मला माहीत आहे. ते मांजर त्यांचंच होतं. ते आडवं गेलं नव्हतं, टेम्पोत चढायला आलं होतं. पाच मिनिटं थांबून, अपशकुन उतरल्यावर, मंडळी गेली.

आता कुणी म्हणेल, ही तुमची भावना झाली, पुरावा काय? रास्त प्रश्न आहे. मी कॉमर्सचा पदवीधर आहे. व्हाउचर जोडल्याशिवाय एन्ट्री मारत नाही.

अमेरिकेत ओरेगन राज्याच्या विद्यापीठात क्रिस्टिन व्हिटाल या बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. मांजराचं पिल्लू आणि त्याचा मालक यांना एका अनोळखी खोलीत दोन मिनिटं ठेवायचं. मग मालकानं उठून जायचं, दोन मिनिटं पिल्लू एकटं. मग मालकानं परत यायचं आणि आणखी दोन मिनिटं बसायचं. एवढंच. तान्ह्या मुलांचा आईवरचा जीव तपासायला मानसशास्त्रवाले फार पूर्वीपासून असाच प्रयोग करत आलेले आहेत. मालक आल्यावर बहुतेक पिल्लांनी काय केलं? त्याला भेटून घेतलं आणि निर्धास्तपणे पुन्हा खोली हुंगायला निघाली. म्हणजे ‘आमचा माणूस आला, आता काळजी नाही.’ अशी पिल्लं शंभरात चौसष्ट निघाली. मोठ्या मांजरांचाही आकडा तिथंच आसपास. आणि माणसाच्या मुलांचा? तोही साधारण पासष्ट! उरलेली छत्तीस एकतर मालकाला घट्ट चिकटली नाहीतर पाठ फिरवून बसली. अशी पस्तीस टक्के माणसं कुठल्याही एकत्र कुटुंबात सापडतात. त्यावरून माणूस हा प्राणी घराचा की नात्याचा असा निवाडा कुणी देत नाही.

आणि खोली अनोळखी होती, हे लक्षात घ्या. तिथं ‘घर’ नव्हतंच. ओळखीचा होता तो फक्त माणूस.

पण डेबिटची बाजू लपवणं आमच्या धंद्यात बसत नाही, म्हणून तीही सांगतो. इंग्लंडात लिंकन विद्यापीठात २०१५ साली वीस मांजरांवर असाच प्रयोग झाला आणि त्यांचं म्हणणं असं पडलं की, कुत्रा जसा सुरक्षिततेसाठी मालकाच्या आधारावर राहतो तसं मोठं मांजर राहत नाही. आमचे ते एक डोळा बारीक करणारे गृहस्थ इथं लगेच टाळी वाजवतील. वाजवू नये. मांजर माणसाच्या आधाराशिवाय उभं राहू शकतं, एवढाच त्याचा अर्थ. आधाराची गरज नसताना जो आपल्याजवळ येऊन बसतो तो जास्त आपला, की गरजेपोटी येऊन बसतो तो? मला विचाराल तर महिन्याच्या पंचवीस तारखेला गळ्यात पडणाऱ्या मित्रापेक्षा एक तारखेला घरी येणारा मित्र बरा.

जपानातल्या अत्सुको साइतो बाईंचा प्रयोग मला विशेष आवडतो. २०१३ साली त्यांनी वीस मांजरांना, त्यांच्या त्यांच्या घरी, परक्या माणसांच्या आणि मालकाच्या हाका ध्वनिमुद्रित करून ऐकवल्या. मालकाची हाक आली की मांजरं कान हलवायची, मान वळवायची. म्हणजे आवाज नेमका ओळखायची. पण जागची उठली का? छे! हे वाचल्यावर मला आमची शाखाच आठवली. टोकन नंबर पुकारला की आतले तिघं कान टवकारतात, एक मान वळवतो; उठत कुणी नाही. म्हणून आम्हाला गिऱ्हाईक कळत नाही असं कुणी म्हणेल का? २०१९ मध्ये याच बाईंनी दाखवून दिलं, की मांजराला स्वतःचं नावसुद्धा कळतं. ओ देणं न देणं हा त्याच्या स्वभावाचा भाग झाला, कानांचा नव्हे.

आता ‘दूध मिळालं की झालं’ याचं बघू. मोठ्या झालेल्या बऱ्याचशा मांजरांना दूध धड पचत नाही. त्यातली साखर पोटाला मानवत नाही, ढाळ लागतात. म्हणजे ज्या लाचेपायी ते आपल्याकडं राहतं असा आरोप आहे, ती लाच त्याला पचतच नाही! एवढ्या एका मुद्द्यावर आमच्याकडची कितीतरी चौकशी प्रकरणं निकालात निघाली असती.

मतलबीपणाचा विषय निघालाच आहे तर हितोपदेशातला एक सिंह आठवा. दुर्दान्त त्याचं नाव. झोपला की एक उंदीर येऊन त्याची आयाळ कुरतडायचा. उंदीर काही सिंहाच्या हाती लागेना, तेव्हा त्यानं दधिकर्ण नावाचं एक मांजर गुहेत आणून ठेवलं. उंदराची खुडबुड ऐकू आली की सिंह मांजराला मांस खाऊ घालायचा. एके दिवशी मांजरानं उंदीर मारला. खुडबुड थांबली. झालं, सिंहानं मांजराचं खाणं बंद केलं! मांजर उपाशी मरायला टेकलं. या गोष्टीचं तात्पर्य असं शिकवतात, की नोकरानं धन्याचं काम कधी पुरतं संपवू नये. (या तात्पर्याचं पालन आम्ही सरकारी बँकवाले किती निष्ठेनं करतो ते आपण जाणताच.) पण गोष्ट नीट वाचा. यात मतलबी कोण आहे? मांजर की धनी? आणि हे पुस्तक आम्ही शेकडो वर्षं पोरांना वाचायला देतो आणि वर म्हणतो, मांजर मतलबी.

एकूणच आपल्या लोकांनी मांजराला धड वागवलेलं नाही. मनुस्मृतीत ढोंगी माणसाला ‘बैडालव्रतिक’ म्हणजे मांजराचं व्रत घेतलेला अशी शिवी आहे. महाबलीपुरमच्या त्या अवाढव्य शिल्पात एक मांजर तप करतंय आणि भोवती उंदीर आहेत. पण याच देशात वैष्णव आचार्यांना देवाची कृपा समजावून सांगायची वेळ आली तेव्हा दाखला मांजरीचाच सापडला. माकडाचं पिल्लू आईला आपण होऊन धरून ठेवतं. मांजरीचं पिल्लू काहीच करत नाही, आईच त्याला तोंडात धरून नेते. भक्तानं असं निश्चिंत असावं. हा मार्जारन्याय. आणि मूल जन्मल्यावर जिची पूजा करतो त्या षष्ठीदेवीचं वाहन कोण? मांजर. बाळाच्या रक्षणाला देवी येते ती ज्याच्या पाठीवर बसून येते, त्याला माणसाबद्दल माया नाही!

एक मात्र मी कबूल करतो. मांजराला जागेचा लळा असतो. त्याच्या गालांजवळ गंधाच्या ग्रंथी असतात. दाराला, कपाटाला, टेबलाच्या पायाला गाल घासून ते आपली सही करत फिरतं. पण तोच गाल ते आपल्या पोटरीलाही घासतं, हे विसरू नका. शेपूट वर उभारून येतं आणि घासतं. म्हणजे त्याच्या लेखी घर आणि माणूस हे जॉइंट खातं आहे. आपण काय करतो, तर त्यातलं एक नाव खोडून टाकतो आणि म्हणतो, सिंगल आहे! शिवाय जागेचा लळा कुणाला नसतो? माझी मागं सोलापूरला बदली झाली तेव्हा पहिले सहा महिने मी झोपेतून उठून आमच्या डोंबिवलीच्या न्हाणीघराच्या दिशेनं चालायला लागे आणि तिथल्या भिंतीवर आपटे. म्हणून घरच्यांनी मला डोंबिवलीला ठेवून दुसराच कुणी सोलापूरला नेला नाही.

आता तळमजल्यावरच्या काकूंची हकिगत सांगतो, म्हणजे माझा राग कुठून आला ते कळेल. काकू चौऱ्याहत्तर वर्षांच्या. आमच्या इमारतीत बेचाळीस वर्षं. मला त्यांनी चड्डीत पाहिलेलं असल्यामुळं बँकेतही ‘अरे-तुरे’च करतात, तेही सगळ्या रांगेसमोर. काका गेल्यापासून त्यांच्याकडं ठमी नावाची मांजर आहे. करड्या रंगाची, एक कान जरा फाटका. त्याच सोसायटीत मुलगा-सून वरच्या मजल्यावर. पण संध्याकाळी सातला दिवा लावल्यावर काकूंच्या शेजारी पाटावर असते ती ठमीच.

१ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या ठेवींना चारपर्यंत नॉमिनी लावता यायला लागले. त्याच आठवड्यात काकू पेपरचं कात्रण घेऊन काउंटरवर हजर.

‘‘अरे, चार लावता येतात ना?’’

‘‘येतात की, काकू.’’

‘‘मुलगा झाला, सून झाली, नात झाली. चौथी जागा रिकामी आहे. हे घे.’’

फॉर्म त्यांनी घरूनच भरून आणला होता. चौथ्या ओळीत नाव: ठमी. वय: ११. टक्केवारी: पाच. ‘‘तिचं खाणं ते किती!’’ नात्याच्या रकान्यात बरीच खाडाखोड होती. आधी ‘मुलगी’ लिहून खोडलं होतं, मग ‘नात’ लिहून खोडलं होतं, आणि शेवटी लिहिलं होतं, ‘सोबत’.

मी म्हटलं, ‘‘काकू, नॉमिनी माणूसच लागतो. चार लावा म्हणतात, पण चार पायांचा एकही चालत नाही.’’

‘‘हो का? मला वाटलं, अकरा वर्षांची आहे म्हणजे अज्ञान धरतील. अज्ञानाला पालक लागतो ना? तिथं तुझं नाव घातलंय.’’

मागं रांग वाढत होती. मला पुढचं काही बोलता येईना. मी कात्री आणायच्या निमित्तानं आत जाऊन आलो.

त्यानंतर तीनेक महिन्यांनी इमारत सोडायची वेळ आली. शेवटच्या सभेत विषय होते भाड्याचे चेक, कॉर्पस, पार्किंग. आणि सातवा विषय, ‘मांजरांबाबत’. सहा विषयांना अडीच तास लागले. सातव्याला सेक्रेटरी म्हणाले, ‘‘मांजराचं काय, ते घराचं असतं,’’ आणि पुढं सरळ ‘आभारप्रदर्शन’ वाचलं. मी उठून उभा राहिलो. १९६० सालचा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा मी वाचून गेलो होतो. प्राण्यावर उपासमारीची पाळी येईल अशा रीतीनं त्याला विनाकारण टाकून देणं, हा त्या कायद्यानं गुन्हा आहे, असं मी सभेला ऐकवलं. सभा जरा चपापली.

‘‘शिक्षा काय आहे?’’ सेक्रेटरींनी विचारलं.

इथं माझी पंचाईत झाली. पहिल्या गुन्ह्याला दंड कमीत कमी दहा रुपये आणि जास्तीत जास्त पन्नास. चेक परत गेला तर आम्ही याच्या कितीतरी पट कापतो. सभेनं मनापासून हसून घेतलं. तिसऱ्या मजल्यावरचे एकजण तर खिशात हात घालून सुटे मोजू लागले. हशा मला चालतो, माझा तो जोडधंदाच आहे. पण त्या दिवशी काकू खुर्चीत मागं बसल्या होत्या आणि त्या एकट्या हसत नव्हत्या.

मुलानं भाड्यानं घेतलेल्या फ्लॅटच्या मालकाची अट होती, जनावर चालणार नाही. मुलगा वाईट नाही. आईसाठी कमोडची सोय असलेला फ्लॅट त्यानं महिनाभर हिंडून शोधला होता. पण ठमीचं निघालं तेव्हा तोही तेच ठेवणीतलं वाक्य बोलला, ‘‘आई, मांजर घराचं असतं गं. ती इथंच सुखात राहील.’’

काकू ट्रंकेवर बसल्या होत्या. टेम्पोवाला खाली हॉर्न वाजवत होता.

‘‘बेचाळीस वर्षं झाली मला इथं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मग मीही घराचीच. मलाही ठेवा इथंच.’’

बाकी काही बोलल्या नाहीत. उठल्याही नाहीत. टेम्पो त्या दिवशी ट्रंक सोडून गेला. काकू आणि ठमी पंधरा दिवस आमच्याकडं राहिल्या आणि सोळाव्या दिवशी मुलानं दुसरा फ्लॅट शोधला. रेल्वे फाटकाच्या पलीकडं, भाडं दीड हजारानं जास्त, लिफ्ट नाही. जिना काकूंना जड जातो. पण त्या काय म्हणाल्या ठाऊक आहे? ‘‘ती चढते ना, मग मीही चढते.’’

ठमीला नव्या जागी नेण्यात काही तंत्रमंत्र लागला नाही. भाजीच्या झाकणाच्या टोपलीतून नेली. पहिले तीन आठवडे एका खोलीत, दारं-खिडक्या लावून. खाली काकूंच्या जुन्या पातळाची गोधडी, न धुतलेली. सून धुवायला निघाली होती, तिला थांबवलं. त्या वासावर तर सगळं चाललं होतं. पहिले दोन दिवस ठमी पलंगाखाली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दिवा लागल्यावर बाहेर आली आणि पाटाशेजारी बसली. त्यांच्याकडं बघून तिनं डोळे सावकाश मिटले, सावकाश उघडले. इंग्लंडातल्या ससेक्स विद्यापीठानं २०२० साली सिद्ध केलंय, की माणसानं असे सावकाश डोळे मिटले तर मांजरही उलट मिटतं आणि जवळ यायला राजी होतं. काकूंना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘‘त्याला इंग्लंडला कशाला जायला हवं? मी तिला रोज करते.’’

जाता जाता मांजरप्रेमींनाही एक सुनावून ठेवतो. मांजराला झबलं घालून वाढदिवसाचा केक कापायला लावण्यापेक्षा त्याचं वेळेवर ऑपरेशन करा. दर सहा महिन्यांनी चार पिल्लं जिन्याखाली आणि ‘कुणाला हवंय का गोड पिल्लू’ असा निरोप सगळ्यांना, याला माया म्हणत नाहीत. जिन्याखाली गठ्ठ्यानं वाढलेली पिल्लं बघूनच सोसायटीवाल्यांची माथी भडकतात आणि भोगते ती ठमी.

आमची इमारत आता पडली. पाडण्याआधी आत पाच मांजरं होती. दोन आमच्याकडं आली, एक वाण्यानं नेली, दोन सापडली नाहीत. पत्र्याशी जाऊन हाका मारून आलो. चार संध्याकाळी गेलो. मांजरं उठत नसली तरी कान हलवतात, एवढ्या भरवशावर.

परवा सेक्रेटरींचा फोन आला होता. त्यांच्या भाड्याच्या घरात उंदीर झालेत. आयाळ नाही, पण पुनर्विकासाच्या करारनाम्याची एक बाजू कुरतडली आहे म्हणे. ‘‘तुमच्याकडं दोन मांजरं आहेत ना? एक पाठवता का, महिनाभरासाठी?’’

मी त्यांना सांगितलं, अर्ज करा. पत्त्याचा पुरावा जोडा. दोन जामीनदार आणा, त्यातल्या एक काकू असल्या पाहिजेत. आणि महिनाभराची मुदत आमच्याकडं नाही. कमीत कमी पंधरा वर्षांची आहे, मुदतीआधी मोडता येत नाही.

अजून अर्ज आलेला नाही.